पितळी नागाचं कीर्तन

माझे दाजी हावगेप्पा कीर्तनकार होते. ख्रिस्ती माणूस कीर्तन करतो म्हटलं की परगावचे लोक भुवया चढवत, पण आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नव्हतं. अंगात पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, मागे पेटी आणि झांजा. फरक एवढाच की गळ्यात माळ नसे आणि गोष्टी मोशेच्या नाहीतर दाविदाच्या असत. बाप्तिस्म्यात त्यांना दानीएल नाव मिळालं होतं, पण ते नाव आमच्या चर्चचे पाळकसाहेब तेवढे घेत. गावाला ते हावगेप्पाच.

मी सोजरा, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझा नवरा पटकीनं गेला तेव्हा माझी रूथ अंगावर पीत होती. राजूअक्का, माझी थोरली बहीण, मला घेऊन आली आणि दाजींनी दारातच रूथला माझ्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून पोर माझी कमी आणि त्यांची जास्त झाली. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? घास भरवायचा मी, न्हाऊ घालायचं मी, आणि ताप चढला की बाईसाहेब हाक मारणार, “काका.” मग दाजी चिपळ्या टाकून धावत यायचे. त्यांचा हात कपाळावर पडला की ती झोपायची, माझा पडला की कुरकुरायची.

दाजींच्या कीर्तनाचे दोन भाग असत. पूर्वरंगात जुना करार, उत्तररंगात नवा. त्यांचं म्हणणं असं की जुन्या करारात जे जे घडलं ती येणाऱ्या प्रभूची छाया. दारात आधी माणसाची सावली पडते, मग माणूस आत येतो, तसं. अब्राहामाला झुडपात अडकलेला मेंढा सापडला ती छाया, योना माशाच्या पोटात गेला आणि बाहेर आला तीही छाया. घरी आम्ही थट्टा करायचो. अक्का म्हणायची, “आज भाकर करपली, ही कशाची छाया हो?” दाजी शांतपणे म्हणत, “तुज्या रागाची.” त्यांना राग म्हणून येत नसे, तो सगळा देवानं मला दिला होता.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं कीर्तन पितळी सर्पाचं. मोशेमागून रानातून चाललेले लोक देवाच्या नावानं कुरकुर करायला लागले, तेव्हा त्यांच्यात विषारी साप सुटले. माणसं पटापट मरायला लागली. मग देवाच्या सांगण्यावरून मोशेनं पितळेचा सर्प केला, काठीवर चढवला, आणि ज्यानं ज्यानं त्याच्याकडे वर बघितलं तो वाचला. हा झाला पूर्वरंग. उत्तररंगात दाजी सांगत की तसाच आपला प्रभू क्रुसाच्या खांबावर उंच केला गेला. पितळ ही छाया होती, खरा वाचवणारा नंतर आला, आता बघायचं ते त्याच्याकडे.

या कीर्तनासाठी त्यांच्याकडे खराखुरा पितळेचा नाग होता. घराण्यातल्या जुन्या देव्हाऱ्यातला, वीतभर उंच, फणा काढलेला. दाजींच्या वडलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गोऱ्या साहेबांनी तो विहिरीत टाकायला सांगितलं होतं. पण चांगलं पितळ विहिरीत टाकायला आमच्यात कुणाची छाती होते? म्हाताऱ्यानं तो कणगीत ज्वारीखाली पुरून ठेवला. दाजींनी तो बाहेर काढला, चिंचेनं घासला आणि बांबूच्या टोकाला पक्का बसवला. पूर्वरंग रंगात आला की ते पेटी थांबवायचे आणि तो बांबू एका झटक्यात वर करायचे. उन्हात नाग असा काही झळकायचा की माळावरची सगळी तोंडं वर व्हायची.

ऐकायला अठरापगड लोक यायचे. आमची ख्रिस्ती मंडळी तर असेच, पण लिंगायत यायचे, मराठे यायचे, दर्ग्यापाशी बसणारे फकीरसुद्धा यायचे. नाग वर झाला की बायका हात जोडायच्या, लेकरांना वर धरून “बघ, बघ” म्हणायच्या. आणि बघून झालं की उठून घरी जायच्या. जनावरांच्या धारा राहिलेल्या, चुली पेटवायच्या राहिलेल्या. उत्तररंगाला आम्ही घरचे आणि झोपी गेलेली पोरं एवढंच उरायचं. पाळकसाहेबांनी एकदा दाजींना बजावलं की लोक सापाच्या पाया पडायला लागलेत. दाजी म्हणाले, “साहेब, आज छायेपतूर आलेत, उद्या माणसापतूर येतील.” मी मागून म्हटलं, “दाजी, तुमची छायाच लई चालायलीय. माणूस पार मागं राहायलाय.” ते हसले. मलाही तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

आता जगदेवप्पांचं सांगायला पाहिजे. ते गावातले मोठे लिंगायत शेतकरी, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. आम्ही त्यांच्याच रानात कामाला जायचो. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी त्यांना खळ्यात साप चावला. त्या संध्याकाळी गावात दाजींचं हेच कीर्तन होतं. त्यांना बाजेवर घालून आणलं, त्यांनी नागाकडे बघितलं, आणि सकाळी उठून भाकर मागितली. माझ्या मते ती धामण होती, आणि धामण चावणं म्हणजे मांजर चावण्यासारखंच. दाजींनी त्या दिवशीही उत्तररंगात स्वच्छ सांगितलं होतं की पितळात काही नाही. पण जगदेवप्पांची बाज तोवर घरी पोचली होती. पुढं ते भेटेल त्याला सांगत सुटले की हावगेप्पाच्या नागानं मला वाचवलं. मग कुणाला विंचू चावला, कुणाला ताप आला, की माणसं आमच्या दारात.

मग त्रेपन्न साल आलं. शिमग्याच्या आधी आमच्या मंडळीची जत्रा असते, तळ्याकाठच्या माळावर, गावापासून दोन कोसांवर. दाजी आणि अक्का नाग घेऊन आदल्या दिवशीच गेले होते. ज्वारीची काढणी चालू होती म्हणून मी आणि रूथ जगदेवप्पांच्या रानात थांबलो. दुपारपर्यंत काम करायचं आणि मग जत्रेला जायचं ठरलं होतं. रूथ सतरा वर्षांची होती. दाजींच्या मागं उभी राहून पदं म्हणायची, आणि तिच्याशिवाय कीर्तन सुरू करायचं म्हणून दाजी निघतानाच तोंड पाडून होते.

ती पेंढी उचलायला वाकली आणि म्हणाली, “आई, चावलं गं कायतरी.”

घोट्याच्या वर दोन दात उमटले होते. शेजारच्या पाथीतल्या बाईनं जनावर जाताना बघितलं. नाग होता, धामण नव्हे. जगदेवप्पा बांधावरून धावत आले. त्यांनी डोक्याचं पागोटं सोडून रूथच्या गुडघ्याखाली करकचून बांधलं आणि स्वतःच्या हातानं गाडी जुंपली. पोरीला उचलून आत ठेवताना ते “माझी लेक, माझी लेक” म्हणत होते.

गाव ओलांडलं की रस्ता फुटतो. डावीकडे संतपूर, तिथून दुपारची मोटार बिदरला जाते. बिदरच्या दवाखान्यात सापाच्या विषावर सुई असते हे मला ठाऊक होतं. उजवीकडे जत्रेचा माळ.

“अण्णा, संतपूरला घ्या,” मी म्हटलं.

“मोटारीचा काय भरवसा? आली तर आली. न्हाई आली तर पोरीला सडकंवर मारायलीस व्हय?”

“बिदरला सुई हाय, अण्णा.”

“मला कुठली सुई टोचली व्हती, सोजराबाई? तुज्या घरातल्याच नागानं वाचवलं का न्हाई? मी लिंगायत असून इस्वास ठिवला. तुला कामून न्हाई?”

गाडीमागून चाललेल्या बायका त्यांच्याच बाजूनं बोलायला लागल्या. घरात अमृत असून दारोदार कामून हिंडायलीस, म्हणाल्या. मी खाली उडी टाकून जू धरलं. दोघींनी मला सोडवलं आणि परत गाडीत बसवलं. गाडी जगदेवप्पांची, बैल त्यांचे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाईट माणूस असता तर मी दगड उचलला असता. गाडी उजवीकडे वळली.

निम्म्या वाटेपर्यंत रूथ बोलत होती. मलाच धीर देत होती. मग म्हणाली, “आई, झोप यायलीय.” मी तिला हलवलं. तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला, पण पापण्या निम्म्यावरच अडकल्या. तिला वाटलं ऊन लागलं म्हणून, तिनं हातानं डोळे चोळले. पुढं तिची जीभ जड झाली. ती काही विचारत होती, मला शब्द कळत नव्हते. जगदेवप्पा बैलांना मारत होते. मी त्यांना कधी बैलाला चाबूक लावताना बघितलं नव्हतं.

माळावर पोचलो तेव्हा कीर्तन ऐन पूर्वरंगात होतं. पेटी थांबलेली, बांबू वर झालेला, सगळी तोंडं वर. जगदेवप्पा ओरडले, “वाट द्या, नागानं चावलेलं हाय.” माणसं दोन्ही बाजूंना झाली आणि मधून गाडी थेट दाजींच्या समोर गेली.

दाजींना आधी कळलंच नाही कोण आहे. माझ्या मांडीवर कुणीतरी आडवं आहे एवढंच त्यांना दिसलं असेल. आयुष्यभर जी गोष्ट सांगितली ती त्यांच्या डोळ्यांपुढं चालत आली होती. त्यांचा आवाज चढला. इतका मोठा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. ते गात होते, वर बघ, बाई, वर बघ, बघशील तर वाचशील. सगळा माळ त्यांच्यामागं तेच म्हणायला लागला. मग अक्का किंचाळली, “आवो, रुती हाय, आपली रुती.” आणि दाजींचा आवाज तुटला.

लोक थांबले नाहीत. “हावगेप्पा, वर धरा. दाखवा तिला,” म्हणून ओरडत होते. दाजी बांबू धरून तसेच उभे राहिले. जगदेवप्पांनी रूथला पाठीमागून आधार देऊन बसवलं. पण तिच्या पापण्या आता साफ मिटल्या होत्या. नागाचं विष आधी पापण्यांवरच उतरतं, हे मला नंतर बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं. बघेल तो वाचेल म्हणत होते, आणि माझ्या लेकराला डोळे उघडता येत नव्हते.

“उचल, सोजराबाई, पापण्या उचल,” जगदेवप्पा म्हणाले.

मी उचलल्या. माझा त्या पितळावर काडीचा विश्वास नव्हता, तरी मी माझ्या अंगठ्यांनी तिच्या दोन्ही पापण्या वर केल्या आणि धरून ठेवल्या. आई काय करणार नाही? आतले डोळे शुद्धीवर होते. ती सगळं ऐकत होती, तिला सगळं कळत होतं. डोळे हळूहळू हलले आणि एका जागी थांबले. मी तिच्या इतक्या जवळ होते की ती काय बघते आहे ते मला नीट दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही.

गर्दीतून पाळकसाहेब आले. त्यांनी रूथची मान धरून बघितली आणि नुसतं एवढंच म्हणाले, “मिशनच्या जीपमध्ये घाला.” तेव्हा कुठं दाजींच्या हातातून बांबू सुटला. जीपमध्ये तिचं डोकं दाजींच्या मांडीवर होतं, पाय माझ्या. दाजी तिच्या तोंडावर हात फिरवत तिचं नाव घेत राहिले, दुसरी प्रार्थना त्यांना सुचली नाही. बिदरच्या वेशीवरच्या नौबादची घरं दिसायला लागली आणि तिची छाती हलायची थांबली. दवाखाना तिथून किती लांब होता ते बिदरच्या कुणालाही विचारा.

संतपूरची दुपारची मोटार त्या दिवशी वेळेवर आली होती. एरवी कधी येत नाही.

तिला मातीत ठेवून आम्ही परत आलो तोवर गावानं आपला निकाल लावून टाकला होता. पोरीनं बघितलंच नाही. डोळे मिटून घेतले. नाग काय करणार? जत्रेतली माणसं ज्या ज्या गावाला परतली तिथं तिथं हेच घेऊन गेली. माळावर पडलेला नाग कुणीतरी उचलून लिंबाच्या झाडाखाली मांडला. त्याला हळदकुंकू लागलं, दूध यायला लागलं. पाळकसाहेब जाऊन ओरडून आले, पण एका माणसाच्या ओरडण्यानं काय होतं? दाजी तिकडं फिरकलेच नाहीत.

जगदेवप्पा आमच्या ओसरीवर येऊन लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, “एकडाव नीट बघितलं असतं गं सोजराबाई, तर आज हिंडली फिरली असती.” त्यांना दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं, हे मला आता कळतं. त्यांनी दुसरं काही मानलं असतं तर त्या फाट्यावर गाडी कुणी वळवली हा प्रश्न आला असता, आणि तो त्यांना जगू देणार नव्हता. पण तेव्हा माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, “अण्णा, उठा. माज्या पोरीला खोटं पाडायला माज्या दारात येऊ नका.” ते उठून गेले. त्यांच्या रानात मी पुन्हा कामाला गेले नाही.

दाजी बोलायचेच थांबले. जेवायला वाढलं तर जेवायचे. पुनरुत्थानाच्या सणाला मंडळीनं कीर्तन मागितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. चिपळ्या खुंटीवर तशाच. दिवसभर पवित्र शास्त्र उघडून बसायचे, पण पान उलटताना मी त्यांना बघितलं नाही. अक्का त्यांच्यासाठी रडायची. मी माझ्या लेकीसाठी रडायचे. एकाच घरात आम्ही दोघी वेगवेगळ्या कारणांनी रडत होतो आणि एकमेकींना हाक मारत नव्हतो.

एका दुपारी अक्का विहिरीवर गेली होती. मी ओसरीवर तूर पाखडत होते. दाजी येऊन खांबाला टेकून बसले.

“सोजरा, एक विचारतो. खरं सांगशील?”

“विचारा.”

“लोक म्हणायलेत तिनं बघितलं न्हाई. तू तिचे डोळे धरले व्हते. तिनं बघितलं व्हतं का?”

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. ते काय विचारत होते ते मला पुरतं कळलं. मी हो म्हटलं, तर बघूनही पोर मेली. मग ज्या गोष्टीवर त्यांनी उभा जन्म काढला ती त्यांच्या पायाखालून जाणार. नाही म्हटलं, तर शास्त्र टिकलं, त्यांचं कीर्तन टिकलं, आणि दोष माझ्या मेलेल्या लेकराला. हा शहाणा, सज्जन माणूस, ज्यानं रूथला पोटच्या लेकरासारखं वाढवलं, तो माझ्यापुढं बसून माझ्या तोंडून ‘नाही’ यायची वाट बघत होता. त्याला स्वतःला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला त्यांची इतकी दया आली आणि इतका राग आला की दोन्हीतलं काय जास्त ते मी आजही सांगू शकत नाही.

“बघितलं, दाजी,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले.

“पण नागाकडं न्हाई. नाग लई वर व्हता. तिचे डोळे तितके वर गेलेच न्हाईत. ती तुमच्याकडं बघायलती. मी पापण्या उचलल्या तवापासून सोडल्या तवापतूर, नुसती तुमच्या तोंडाकडं बघायलती.”

विहिरीवर रहाट वाजत होता. मग दाजींनी अगदी हळू विचारलं, “अन् मी काय करायलतो?”

त्यांना ते आठवत नव्हतं, की माझ्या तोंडून ऐकायचं होतं, मला माहीत नाही. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण माझी पोर त्या माळावर हजार माणसांत ज्या एकाच माणसाकडे आस लावून बघत होती, त्याला तरी ते ठाऊक असायला पाहिजे होतं.

“तुम्ही बांबू धरून वर बघायलते, दाजी,” मी म्हटलं. “सगळ्यांसारखंच.”